गाण्याचे वकीलपत्र

नवरात्र आले, की आपल्या मंदिरांच्या सभामंडपांतून भजनस्पर्धा भरतात. एका बाजूस पंच बसलेले असतात, त्यांच्यापुढे कागद असतो, आणि त्या कागदावर सूर, ताल, शब्दोच्चार, भाव असे रकाने आखलेले असतात. अशा वेळी कोणी वडीलधारा माणूस विचारतोच, की देवापुढे म्हटलेल्या भजनाला तुम्ही गुण कसे देता? त्याला उत्तर मिळते, की गुण भजनाला नाहीत, म्हणणाऱ्याच्या तयारीला आहेत. हे उत्तर आम्हांस पुष्कळ अंशी पटते. भक्ती मोजता येत नसली, तरी ताल चुकला की नाही हे सांगता येते, आणि चूक दाखविल्याने भक्तीचे काही उणे होत नाही.

परंतु गाणारा जेव्हा स्वतःच्या नावाने न उभा राहता एका देशाच्या नावाने उभा राहतो, तेव्हा हे उत्तर अपुरे पडते. तेथे गुण कोणास मिळतात? गळ्याला, गीताला, की देशाला? आणि देशाच्या वतीने उभे राहण्याचा अधिकार त्या गाणाऱ्यास कोणी दिला? प्रश्न वरवर पाहता करमणुकीचा वाटेल. आमच्या मते तो नीतीचा आहे, आणि गोमंतक व बडोदे या दोन्ही ठिकाणांशी त्याचा जवळचा संबंध आहे. म्हणून त्याचा थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

देशादेशांच्या गायनस्पर्धेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे युरोपातील ‘युरोव्हिजन’. ती २४ मे १९५६ रोजी स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे प्रथम भरली. सात देशांनी प्रत्येकी दोन गाणी पाठविली. मतदान गुप्त होते आणि गुणांचे आकडे जाहीर करण्यात आले नाहीत. पंचांना स्वतःच्या देशासही मत देण्याची मुभा होती. लक्झेंबुर्गचे पंच येऊ शकले नाहीत, तेव्हा त्यांच्या वाट्याची मतेही यजमान स्वित्झर्लंडच्या पंचांनीच दिली. आणि पहिला क्रमांक आला तो स्वित्झर्लंडचाच. यात कोणी लबाडी केली असे आम्ही म्हणत नाही. परंतु कोणीही आपल्याच दाव्याचा न्यायाधीश होऊ नये, हे न्यायाचे आद्य सूत्र आहे. पुढील वर्षापासून स्वदेशास मत देण्याची बंदी झाली, हे योग्यच झाले. तरीही १९६९ साली सोळांपैकी चार देशांना सारखे गुण पडले, आणि बरोबरीचा निकाल कसा लावावा याचा नियमच नसल्यामुळे चौघेही विजयी ठरले.

याहूनही ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट अशी, की या स्पर्धेत काटेकोरपणे पाहिल्यास देश भाग घेतच नाही. भाग घेते ती त्या त्या देशातील प्रसारणसंस्था. १९८८ साली स्वित्झर्लंडला विजय मिळवून देणारी सेलीन डियॉन ही कॅनडाची गायिका होती. २०१५ पासून ऑस्ट्रेलियाही या युरोपीय स्पर्धेत उतरू लागला. म्हणजे येथे ‘देश’ ही एक मानलेली गोष्ट आहे.

मानलेल्या गोष्टींचे आम्हां वकिलांना नवल नाही, आणि मंदिराशी संबंध असलेल्या वाचकांनाही ते नसावे. आपल्या देवळातील मूर्ती ही कायद्याने एक व्यक्तीच आहे. तिच्या नावे जमीन असते, तिच्या नावाने दावा चालतो. तंटा होतो तो देवाविषयी नव्हे, तर देवाच्या वतीने बोलावे कोणी याविषयी. १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे कलकत्त्याच्या एका घराण्याच्या कुलदेवतेचा वाद आला होता. मूर्ती कोठे राहावी याविषयी तिची स्वतःची इच्छाही विचारात घेतली पाहिजे, आणि ती मांडण्यासाठी ज्याचा स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नाही असा प्रतिनिधी असला पाहिजे, असे त्या न्यायासनाने म्हटले. जो मुका आहे, त्याच्या वतीने बोलणाऱ्याने आधी स्वतःचा लोभ बाजूस ठेवावा, असा त्याचा अर्थ. देशही त्या मूर्तीसारखाच मुका असतो. त्याच्या नावाने बोलणारे मात्र पुष्कळ असतात.

गोमंतकीय वाचकांना यापुढील कथा परकी वाटणार नाही. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. परंतु लिस्बनमधील सालाझारच्या राजवटीने ते सत्य मान्य केले नाही. ही राजवट चालू असतानाच, १९६४ साली, पोर्तुगालने युरोव्हिजनमध्ये प्रथम भाग घेतला. २१ मार्च रोजी कोपनहेगन येथे आंतोनियु काल्व्हारियु या गायकाने जे गीत म्हटले त्याचे नाव ‘ओरासांव’, म्हणजे ‘प्रार्थना’. त्या प्रार्थनेस एकही गुण मिळाला नाही. त्याच रात्री एक मनुष्य फलक घेऊन रंगमंचावर चढला. फ्रान्को आणि सालाझार यांच्यावर बहिष्कार घाला, असे त्या फलकावर लिहिले होते.

शून्य गुण हे त्या राजवटीस दिलेले उत्तर होते काय? तसे म्हणण्याचा मोह होतो, पण पुरावा तसा नाही. त्या वर्षी आणखी तीन देशांच्या पदरीही शून्यच पडले होते, आणि पंचांनी आपल्या निकालाची कारणे दिलेली नव्हती. ज्या निकालास कारणे नसतात त्यातून वाटेल तो अर्थ काढता येतो, हीच त्यातली अडचण. त्या गायकाच्या हाती पोर्तुगालचे वकीलपत्र होते खरे; पण त्यावर सही कोणाची होती? ज्या प्रजेला मोकळेपणाने बोलण्याचा अधिकार नव्हता, तिची ती सही म्हणता येईल काय? बिचाऱ्या गायकाने प्रार्थना म्हटली, आणि सभागृहातील कित्येकांना तिच्यामागे सालाझारची सावली दिसली असेल. प्रतिनिधित्वाचा हा धोका आहे. ज्याने पाठविले त्याचे पाप, ज्याला पाठविले त्याच्या गळ्यात येते.

दहा वर्षांनी याच कथेचा दुसरा अध्याय घडला. ६ एप्रिल १९७४ रोजी इंग्लंडमधील ब्रायटन येथे पाउलु दि काव्हार्लियु याने पोर्तुगालसाठी एक प्रेमगीत म्हटले. त्याच्या नावाचा अर्थ ‘आणि निरोपानंतर’ असा होतो. सतरा देशांत त्यास अवघे तीन गुण मिळाले, आणि आणखी तीन देशांसह ते तळाशी राहिले. यानंतर अठराव्या दिवशी, २४ एप्रिलच्या रात्री अकरास पाच मिनिटे कमी असताना, लिस्बनच्या एका नभोवाणी केंद्रावरून हेच गीत लावण्यात आले. आफ्रिकेतील वसाहतींच्या युद्धांना कंटाळलेल्या लष्करी अधिकाऱ्यांनी उठावाच्या तयारीची ती खूण ठरविली होती. गीतात राजकारणाचा गंधही नव्हता, म्हणूनच कोणास संशय येण्याचे कारण नव्हते. मध्यरात्रीनंतर दुसऱ्या एका गीताने दुसरी खूण झाली, आणि २५ एप्रिलची संध्याकाळ होण्यापूर्वी अठ्ठेचाळीस वर्षांची हुकूमशाही कोसळली. नव्या सरकारने जे वास्तव तेरा वर्षे नाकारले गेले होते ते मान्य केले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत करार झाला, आणि त्यावर पोर्तुगालतर्फे मारियु सुआरिश यांनी व भारतातर्फे आपल्या यशवंतराव चव्हाणांनी सही केली.

गाण्याने राजवट पाडली, असे आम्ही म्हणणार नाही. ती सैनिकांनी पाडली आणि लोकांनी रस्त्यावर येऊन त्यांना साथ दिली. ब्रायटनच्या पंचांचा निकालही आम्ही खोटा ठरवीत नाही. त्या संध्याकाळी इतर गाणी त्यांना अधिक भावली असतील. एवढेच म्हणावयाचे, की तो निकाल त्या संध्याकाळपुरता होता. पुढे २०१७ साली पोर्तुगालला पहिला क्रमांकही मिळाला. परंतु आपल्या देशाच्या इतिहासात कोणत्या गीताने अधिक मोठे स्थान मिळविले असे एखाद्या पोर्तुगीज माणसास विचारले, तर तो तळाशी राहिलेल्या त्या गीताचे नाव घेण्यास कचरणार नाही, असे आम्हांस वाटते.

येथे कोणी पूर्वपक्ष मांडील, की मग देशाने अशा स्पर्धेत उतरूच नये काय? चढाओढीवाचून कला सुस्तावते. लहान देशांना एरवी कोण ऐकणार? हा पूर्वपक्ष हलका नव्हे. १९१२ पासून १९४८ पर्यंत ऑलिंपिकमध्येदेखील संगीतरचनेस पदके दिली जात असत. आणि चढाओढ ही काही पश्चिमेकडून आलेली नवी वस्तू नाही. आमच्या बडोद्याच्या दरबारातील मौलाबक्ष हे म्हैसूरपर्यंत जाऊन तेथील संगीत शिकून आलेले गवई होते, आणि दरबारी गवयांचे सामने त्यांनी पुष्कळ पाहिले व जिंकले होते.

परंतु बडोद्याचे नाव संगीताच्या इतिहासात राहिले ते या सामन्यांमुळे नव्हे. १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी येथे गायनशाळा काढली, आणि जे ज्ञान घराण्याच्या उंबरठ्याआड राहत असे ते स्वरलिपीने लिहून सामान्य मुलांपुढे ठेवले. ती शाळा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे अंग होऊन चालू आहे. मार्च १९१६ मध्ये याच नगरीत पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली आणि पंडित भातखंडे तिचे सूत्रधार होते. तेथे पहिला कोण आला असे कोणी विचारले नाही. राग कसा ओळखावा, श्रुती कोणत्या मानाव्या, स्वर कसे लिहावे, असे प्रश्न निघाले, मतभेद झाले, वादही झाले. स्पर्धेत दुसऱ्याचे गाणे संपण्याची वाट पाहिली जाते. परिषदेत ते ऐकावे लागते. सामना त्या रात्री संपला, शाळा मात्र सव्वाशे वर्षांहून अधिक काळ टिकली, यातच पूर्वपक्षाचे उत्तर आहे. स्पर्धा निषिद्ध नाही. पण ती शिखर असावी, पाया नसावी.

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. देशाने पाठविलेल्या गाण्यांविषयी येथवर बोललो. देशाने न पाठविलेल्या गाण्यांचे काय? मौलाबक्षांचे नातू इनायत खान यांचा जन्म १८८२ साली बडोद्यास झाला. १३ सप्टेंबर १९१० रोजी ते भाऊबंदांसह वीणा घेऊन अमेरिकेस निघाले. त्या वेळी भारतास स्वतःच्या नावाने कोणास पाठविण्याचे स्वातंत्र्यच नव्हते. तेथे प्रारंभी एका नर्तकीच्या कार्यक्रमात साथ करण्याची पाळी त्यांच्यावर आली. वकीलपत्र नसताना त्यांनी भारतीय संगीताची बाजू परक्या श्रोत्यांपुढे मांडली.

दुसरे उदाहरण गोमंतकाचे. फोंडे तालुक्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांनी गायिलेली भैरवीतील ‘जात कहाँ हो’ ही चीज १९७७ साली अमेरिकेच्या दोन व्हॉयेजर यानांवरील तबकड्यांत घालून अंतराळात पाठविण्यात आली. पृथ्वीवरील संगीताचे सुमारे दीड तासाचे जे नमुने निवडले गेले, त्यांत ती एक होती. भारत सरकारने ती पाठविलेली नव्हती. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीतज्ञाने ती सुचविली होती. दुसरे यान सुटल्यावर अकराच दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई निवर्तल्या. त्या गाण्यास ना पंच, ना गुण, ना प्रतिस्पर्धी. आणि तरी आज गोमंतकीय मनुष्य ही हकीगत सांगताना छाती पुढे काढतो. कोंकणीत आपण मोठ्या मायेने म्हणतो, ‘हें आमगेलें’.

या ‘आमगेलें’ शब्दापाशीच आमचा मुख्य मुद्दा आहे. विजयानंतर ‘आपले’ म्हणण्याचा मोह सर्वांनाच होतो. मार्च २०२३ मध्ये ‘नाटू नाटू’ या तेलुगू गीतास ऑस्कर मिळाले. त्या वर्षी भारताने अधिकृतपणे पाठविलेला चित्रपट वेगळाच होता. तो ‘छेल्लो शो’ हा गुजराती चित्रपट. ज्या चित्रपटात हे गीत होते, तो स्वतःच्या बळावर तेथे गेला होता. पण निकाल लागताच ते गीत साऱ्या देशाचे झाले.

यात गैर काय? कायद्यात यास नाव आहे. कोणी आपल्या परवानगीवाचून आपल्या वतीने काही कृत्य केले, तर मागाहून आपण ते पत्करू शकतो. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात त्याची तरतूद आहे. ते कृत्य मुळात आपल्या वतीने केलेले असावे लागते, आणि केसरबाई आपल्या वतीने गायिल्या असे कोणता समाज शपथेवर सांगू शकेल, ही शंका तूर्त बाजूस ठेवू. त्याच अधिनियमाची दोन कलमे आम्हांस नीतीच्या दृष्टीने फार मोलाची वाटतात. कलम १९८ म्हणते, की ज्याला वस्तुस्थितीचे पुरेसे ज्ञान नाही त्याचे पत्करणे वैध नव्हे. आणि कलम १९९ म्हणते, की जो एका भागास पत्करतो तो त्या संपूर्ण व्यवहारास पत्करतो. गोड तेवढे उचलून कडू मागे ठेवता येत नाही.

ही कसोटी आपल्यास लावून पाहू. केसरबाईंचा जन्म कलावंत समाजातला. गोमंतकातील देवालयांशी त्या समाजाचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे होते. उत्सवात, पालखीपुढे, सभामंडपात त्या स्त्रियांचा सूर असे. त्यांच्या गळ्याला देवळात स्थान होते, पण कुटुंब म्हणून समाजात बरोबरीचे स्थान नव्हते. ज्या सभामंडपातून तो सूर निघाला, त्याच सभामंडपात बसून आपल्या पूर्वजांनी तो ऐकला आणि ती असमानताही चालविली. अंतराळातील भैरवी जर ‘आमगेली’, तर ती असमानताही आमगेलीच. कलम १९९ ला सोयीस्कर अपवाद नाही.

बडोद्याकडे पाहू. उस्ताद फैयाझ खान हे या दरबारचे गवई. म्हैसूरच्या महाराजांनी त्यांना ‘आफताब-ए-मौसिकी’ म्हणून गौरविले. काफी रागातले ‘वंदे नंदकुमारम्’ हे त्यांचे गायन ज्याने ऐकले आहे, त्यास कृष्णभक्तीचा निराळा अर्थ सांगावा लागत नाही. ५ नोव्हेंबर १९५० रोजी ते येथेच वारले आणि येथेच त्यांची कबर आहे. २००२ च्या दंगलीत त्या कबरीची मोडतोड झाली. आपल्या शहराच्या संगीतपरंपरेचा अभिमान सांगताना आम्ही बडोदेकर त्यांचे नाव प्रथम घेतो. घ्यावेच. पण नंदकुमाराचे स्तवन पत्करावयाचे आणि कबरीची हकीगत मात्र दुसऱ्या कोणाची म्हणून सोडावयाची, हे अर्धे पत्करणे झाले. आणि अर्धे पत्करणे हे कायद्यात नाही, नीतीतही नसावे.

उद्या जर भारतास एखाद्या जागतिक गायनस्पर्धेचे निमंत्रण आले, तर जावे की न जावे? आमचे मत असे, की अवश्य जावे. परंतु वकीलपत्रावर सही निकालाआधी व्हावी. म्हणजे असे, की जो गाणार आहे त्यास घरच्या माणसांनी आधी ऐकलेले असावे. तो कोणत्या घरातून, कोणत्या भाषेतून, कोणत्या देवाचे नाव घेऊन आला, हे पाहून त्याचा मान ठरू नये. आणि तो शून्य गुण घेऊन परतला, तरी विमानतळावर त्यास उतरवून घेण्यास माणसे असावी. एवढे करण्याची ज्याची तयारी आहे, त्या देशाचा प्रतिनिधी हरला तरी देश हरत नाही. ही तयारी नसेल, तर पहिला क्रमांकदेखील दुसऱ्याच्या मिळकतीवर आपले नाव चढविण्यासारखा होईल.

याचा आरंभ दिल्लीत व्हावयास पाहिजे असे नाही. तो आपल्या सभामंडपात होऊ शकतो. भजनस्पर्धा खुशाल भरवाव्या. ताल चुकल्यास गुण कापावे, पंचांनी मात्र कारणे सांगावी. जे मंडळ शेवटचे आले, त्यास पुढील वर्षी आवर्जून बोलवावे. आणि ज्या देवळांच्या उत्सवांत पिढ्यान्‌पिढ्या कलावंतांनी सेवा केली, त्या देवळांच्या इतिहासपुस्तिकांत देणगीदारांच्या नावांबरोबर त्या गाणाऱ्या स्त्रियांची जी नावे सापडतील तीही छापावी. कित्येकींची नावे आता मिळणार नाहीत. तेथे तेवढी जागा कोरी ठेवून, येथे कोणीतरी गात होते, इतके तरी नमूद करावे.